बारगीर म्हणजे कोण? शिलेदाराहून हलका, की आणखी काही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घराण्याच्या जुन्या मोडी कागदात मूळ पुरुषाच्या नावापुढे 'बारगीर' असे लिहिलेले सापडले. घरात आजवर सांगत आले ते 'आपले पूर्वज शिलेदार होते' असे. कागद वाचून कुणीतरी म्हणाले, बारगीर म्हणजे दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा भाडोत्री, शिलेदाराहून हलका माणूस. हे खरे का? आणि बंगालीत मराठी फौजेला 'बर्गी' म्हणतात, तो शब्द हाच का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: हो, हाच. पहिल्या प्रश्नात 'दुसऱ्याच्या घोड्यावर' एवढे बरोबर आहे. 'भाडोत्री' हे चूक आणि 'हलका' हेही चूक. भाडोत्री म्हणायचेच असेल, तर तो शब्द शिलेदाराला जास्त लागू पडतो. मोडी दप्तरे वाचण्यात माझे बरेच आयुष्य गेले आहे आणि हा गैरसमज घरोघरी भेटतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी व्युत्पत्ती. 'बार' ऐकले की मराठी माणसाला बंदुकीचा बार आठवतो. त्याचा इथे संबंध नाही. शब्द फारसी आहे. बार म्हणजे ओझे आणि गीर म्हणजे घेणारा. हा 'बार' आपल्या रोजच्या बोलण्यात आहेच: बाजार समितीत पोती, गोणपाट यांना 'बारदान' म्हणतात ते यातलेच, आणि जुन्या कागदात ओझे वाहून नेण्याच्या व्यवस्थेला 'बारबरदारी' म्हणतात तेही. 'गीर' जहांगीर, दिलगीर, जहागीर या शब्दांत दिसतो. मुलूखगिरीतही तोच आहे, मुलूख घेणे. गंमत अशी की फारसी आणि संस्कृत या बहिणी असल्यामुळे हे दोन्ही तुकडे आपल्याला परके नाहीत. बार म्हणजे आपला 'भार', आणि गीर ज्या धातूपासून आला तो आपल्या 'ग्रह्' धातूचा भाऊ. तेव्हा बारगीर हा शब्द संस्कृतात बसवला तर 'भारग्राही' होईल.

आता भार घेणारा म्हणजे कोण? माणूस नव्हे, जनावर. फारसीत बारगीर म्हणजे ओझ्याचे जनावर, घोडा. तुर्कीत हाच शब्द झिजून 'बेयगिर' झाला आणि तिकडे त्याचा अर्थ आजही घोडाच आहे. इंजिनाची ताकद ज्या एककात मोजतात, ती अश्वशक्तीसुद्धा तुर्की बोलण्यात 'बेयगिर'च्या हिशेबाने सांगतात. म्हणजे इस्तंबूलच्या बाजूला जो शब्द घोड्यापाशीच थांबला, तो हिंदुस्थानात घोड्यावरच्या माणसावर चढला.

हे कसे झाले याचा धागा आईन-इ-अकबरीत मिळतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलाने अकबराच्या कारभाराची जी तपशीलवार नोंद केली, तिच्यात तबेल्यांच्या प्रकरणात बारगीर घोड्यांचा वेगळा भाग आहे. घोडदळात चाकरीला लायक, पण घोडा बाळगण्याची जबाबदारी ज्यांच्यावर टाकता येत नाही, अशा माणसांसाठी बादशहाने स्वतंत्र तबेले ठेवले होते. गरज पडली की लेखी हुकमावर घोडा मिळायचा आणि त्याच्या दाणावैरणीची चिंता स्वाराला नसायची. अशा माणसाला 'बारगीर-सवार' म्हणत. इथे बारगीर म्हणजे अजून घोडाच आहे, सरकारी तबेल्यातला, आणि त्यावर बसणारा तो सवार. बोलण्यात पुढचा 'सवार' गळून पडला आणि बारगीर हे माणसाचेच नाव झाले, असे मला दिसते. लष्करी बोलीत असे संक्षेप नेहमीच होतात.

शिलेदाराचा प्रवास नेमका उलटा. मूळ अरबी 'सिलाह' म्हणजे शस्त्रे, त्याला फारसी 'दार' जोडला: शस्त्रे बाळगणारा. इजिप्तच्या ममलूक सुलतानांकडे, पुढे उस्मानी तुर्कांकडे सिलाहदार म्हणजे सुलतानाची शस्त्रे घेऊन त्याच्या अंगाजवळ उभा राहणारा मानकरी. मराठीत येताना 'सि'चा 'शि' झाला. सिपाहीचा शिपाई, सिक्क्याचा शिक्का, सियाहीची शाई, तसा सिलाहदाराचा शिलेदार. (त्यात 'शील' किंवा 'शिला' शोधणारे भेटतात, शोधू नये.) अर्थही बदलला. दरबारातला मानकरी राहिला बाजूला आणि स्वतःचा घोडा, स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येणारा स्वार म्हणजे शिलेदार, असा अर्थ दख्खनेत पक्का झाला.

तेव्हा दोघांतला फरक शौर्याचा नाही, जातीचा नाही, हुद्द्याचाही नाही. घोडा कुणाचा, एवढाच आहे. एसटीचा चालक आणि स्वतःचा मालट्रक असलेला चालक, दोघे तीच वाट तुडवतात. गाडी कुणाची आणि खर्च कुणाचा, एवढाच फरक. इथेही तेच.

पगाराच्या आकड्यांनी बऱ्याच जणांची दिशाभूल केली आहे. १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापणारा ग्रँट डफ सांगतो, की शिवाजी महाराजांच्या काळी बारगिराला महिना २ ते ५ होन (सोन्याची नाणी) आणि शिलेदाराला ६ ते १२ होन मिळत. हे वाचून 'बघा, शिलेदार दुप्पट-तिप्पट मोठा' असा निष्कर्ष काढतात. पण शिलेदाराच्या होनांतून घोड्याचा दाणा, चंदी, नाल, खोगीर, मोतद्दाराची (घोड्याची निगा राखणाऱ्याची) मजुरी आणि एक घोडा मेला तर दुसरा घेण्याची तजवीज, हे सगळे भागायचे. बारगिराचे होन त्याच्या घरी जायचे. खर्च वजा केल्यावर शिलेदाराच्या हाती काय उरत असेल, याचा विचार घोडा पाळलेला माणूस लगेच करेल.

आता मुख्य गोष्ट. महाराजांनी आपल्या घोडदळाचा कणा कुणाला केले? बारगिराला. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहिली. तिच्यात पागेची, म्हणजे सरकारी घोडदळाची, रचना दिली आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार. ५ हवालदारांचा एक जुमला, त्यावर जुमलेदार, त्याला साल ५०० होन आणि पालखी. १० जुमल्यांवर एक हजारी, त्याला १००० होन. पाच हजाऱ्यांवर पंचहजारी, त्याला २००० होन. सगळ्यांच्या वर सरनोबत, म्हणजे सेनापती. गुणाकार करून बघितला तर हजारीच्या हाताखाली १२५० बारगीर येतात आणि पंचहजारीच्या हाताखाली ६२५०. नाव हजाराचे, माणसे सव्वा हजार. शिवाय दर २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. २५ घोड्यांना एक पखाल पाणी आणि एक नाल ठोकणारा, हा हिशेब ज्याने बसवला त्याने घोडदळ कागदावर नव्हे, मुक्कामावर पाहिलेले होते.

त्याच सभासदाने पुढे लिहिले आहे ते जास्त महत्त्वाचे. पागेचे बळ थोर केले आणि शिलेदार पागेच्या हाताखाली ठेवले, म्हणजे बंड करण्याइतके बळ कुणाकडे राहिले नाही. हे वाक्य नीट वाचले की शिलेदार-बारगीर वादाचा निकाल लागतो. शिलेदार आपला घोडा घेऊन आला होता, तसा घेऊन जाऊही शकत होता. दहा घोडी बाळगणारा शिलेदार म्हणजे दहा स्वारांचा धनी. तो आज आदिलशाहीत, उद्या मोगलांकडे, परवा इकडे. आदिलशाही आणि निजामशाहीतली मराठी घराणी याच रीतीने चाकऱ्या बदलत मोठी झाली होती आणि महाराजांनी ते लहानपणापासून पाहिले होते. बारगीर मात्र घोडा सोडूनच जाऊ शकत होता. घोडा सरकारचा, हत्यार सरकारचे, पगार सरकारी खजिन्यातून. त्याची निष्ठा सरकारशी बांधलेली राहावी अशी ही सोयच होती.

म्हणून हल्ली वर्तमानपत्रांत अमक्या नेत्याचे 'निष्ठावंत शिलेदार' असे मथळे येतात तेव्हा मला हसू येते. पक्ष बदलणाऱ्यांना शिलेदार म्हणावे, ते इतिहासाला धरून होईल. निष्ठावंतांना बारगीर म्हटले पाहिजे.

पागा हा शब्दही इथेच सांगून टाकतो, कारण त्यावाचून बारगीर कळत नाही. फारसी 'पायगाह' म्हणजे घोड्यांचे ठाणे. मराठी कागदात तो पायगा, पायगो, पागा अशा रूपांत येतो. हैदराबादच्या निजामाकडची पायगा घराणी प्रसिद्ध आहेत, तो हाच शब्द. खासा घोडदळ बाळगण्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. आपल्याकडच्या पागनीस आडनावात पागेचा हिशेब लिहिणारा कारकून अजून जिवंत आहे.

बारगिराचे रोजचे जगणे कसे होते, हे ज्याला पाहायचे आहे त्याने महाराजांचे चिपळूणजवळच्या छावणीला गेलेले पत्र वाचावे. राज्याभिषेकाच्या सुमाराचे हे पत्र 'दिमत पायगो', म्हणजे पागेकडच्या, जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना आहे, म्हणजे बारगिरांच्या अधिकाऱ्यांना. भाजीच्या देठालाही हात लावू नका, असा त्याचा आशय म्हणून लोक उद्धृत करतात. पण पत्राचा बराच भाग दाणावैरणीचा आहे. पावसाळ्यासाठी म्हणून दाणा आणि गवत जमा करून दिले आहे, ते आताच मनाला येईल तसे उधळले तर भर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही कुणब्याच्या दारात जाल, कुणी दाणे आणेल, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी फाटी, आणि रयतेला वाटेल की मोगल परवडले. पुढे आगीची ताकीद आहे: गवताच्या गंजीशेजारी चुली पेटवू नका, तंबाखू ओढू नका, रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवत पेटेल आणि घोडी जातील.

'घोडी तुम्हीच मारली' हा आरोप फक्त बारगिरावर करता येतो. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याचेच नुकसान, त्याला कुणी ताकीद द्यायची गरज नसते. सरकारी घोड्याच्या बाबतीत मात्र सरकारला उंदराचीसुद्धा काळजी करावी लागते. पागेच्या पद्धतीतली अडचण या पत्रात उघडी पडते: घोडा आपला नाही म्हटल्यावर हयगय होते, आणि ती थांबवायला हवालदार, जुमलेदार, कारकून, हजिरी, झडती असा सगळा पसारा उभा करावा लागतो. दसऱ्याला फौज बाहेर पडताना प्रत्येकाच्या वस्तूंची यादी करून ठेवायची आणि परतल्यावर झडती घेऊन जास्तीचे सरकारजमा करायचे, ही सभासदाने सांगितलेली शिस्त याच पसाऱ्याचा भाग होती.

शिलेदारी पद्धतीची अडचण वेगळी. घोडा हेच भांडवल, तो पडला तर पोटावर पाय. साहजिकच शिलेदार घोडा जपतो, आणि ऐन गर्दीत घोडा जपणारा स्वार सेनापतीला नको असतो. थोडक्यात, बारगीर घोड्याला जपत नाही आणि शिलेदार घोड्याला फार जपतो. महाराजांनी पहिली अडचण पत्करली, कारण ती शिस्तीने आवरता येते.

ही घडी पुढे राहिली नाही. १६८९ नंतर औरंगजेबाशी झगडताना खजिना नव्हता, दाणावैरणीची कोठारे नव्हती, रायगडही हातचा गेला. सरकारी पागा पोसणार कोण? सरदारांना मुलूख लावून द्यायचा आणि त्यांनी आपल्या हिमतीवर फौज उभी करायची, असे चालले. पेशवाईत हीच सरंजामी पद्धत पक्की झाली. पेशव्यांची खाशी फौज ती हुजुरात, तिच्यात सरकारी पागा होत्या. बाकी सरदारांचे पथक, शिलेदार, एकटेच घोडा घेऊन येणारे एकांडे, आणि फौजेच्या मागे लुटीवर जगणारे पेंढारी. पण बारगीर संपला नाही, त्याचा धनी बदलला. शिंद्यांची पागा, होळकरांची पागा, लहानसहान सरदाराची पागा, आणि प्रत्येक पागेत बारगीर. एखाद्या शिलेदाराकडे पाच घोडी असली तर एकावर तो स्वतः आणि चारांवर त्याने बसवलेले चार बारगीर. म्हणून पेशवाईतल्या कागदात नुसते 'बारगीर' वाचून थांबू नये. कुणाच्या पागेचा, हे शोधावे.

बारगिरीला कमी समजणाऱ्यांसाठी एकच उदाहरण देतो. राणोजी शिंदे गरिबीतून वर आले आणि बाळाजी विश्वनाथाच्या पागेत चाकरीला लागले, असे ग्रँट डफ नोंदवतो. पागेत लागणे म्हणजे बारगिरीच. ग्वाल्हेरच्या गादीचा मूळ पुरुष दुसऱ्याच्या घोड्यावर बसून निघाला होता.

आता बंगाल. 'बर्गी' हा शब्द मराठ्यांसाठी वापरायला बंगाल्यांनी सुरुवात केली असे सर्रास लिहिले जाते, ते मला पटत नाही. मोगल दरबारच्या फारसी लेखनात तो शंभर वर्षे आधीपासून आहे. जहांगीराच्या काळात मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीसाठी मोगलांशी लढत होता, तेव्हा त्याच्या फौजेतल्या हलक्या, चपळ दख्खनी स्वारांना मोगल 'बर्गी' म्हणत आणि त्यांच्या छापे घालून पसार होण्याच्या लढाईला 'बर्गीगिरी'. मलिक अंबर १६२६ साली वारला. नागपूरकर भोसल्यांची फौज बंगालात उतरली ती १७४२ साली. मुर्शिदाबादच्या नवाबाचा कारभार फारसीत चालत असे. बंगाल्यांनी हा शब्द मराठी स्वाराच्या तोंडून ऐकला, त्यापेक्षा नवाबी कारभाराच्या फारसीतून त्यांना तो तयार मिळाला, हेच जास्त संभवते. शेवटचा 'र' तिथे येण्यापूर्वीच गळालेला होता.

आणि त्या स्वाऱ्यांबद्दल आपण मराठीत जरा गुळमुळीत बोलतो. रघूजी भोसल्यांच्या फौजा, आरंभी भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली, चौथाईसाठी १७४२ ते १७५१ पर्यंत वारंवार बंगालवर गेल्या. १७४४ साली बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने तहाच्या बोलण्याला बोलावून भास्कररामांना दग्याने मारले, हे आपण आवर्जून सांगतो. गावे जाळली, माणसे मारली, बायकांवर अत्याचार झाले, हे गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच काळात 'महाराष्ट्र पुराण' या काव्यात लिहून ठेवले, ते सांगत नाही. कोलकात्याच्या लोकांनी धास्तीने शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो 'मराठा खंदक' म्हणूनच ओळखला गेला. बंगाली आया आजही जे अंगाईगीत म्हणतात त्यात बाळ झोपते, आळी शांत होते आणि देशात बर्गी येतात. धान बुलबुलांनी खाल्ले, आता सारा भरायचा कशाने, असा पुढचा प्रश्न आहे. १७५१ च्या तहाने ओरिसाचा महसूल आणि सालाना १२ लाख रुपये चौथाई भोसल्यांना मिळाली आणि स्वाऱ्या थांबल्या. त्या फौजेत शिलेदारही होते, लुटारूही होते. नाव मात्र सगळ्यांना मिळून एकच पडले, ते बारगिराचे.

इंग्रजांनी दोन्ही शब्द उचलले, हे फारसे कुणाला माहीत नसते. १८०३ साली शिंद्यांच्या चाकरीतून कंपनीकडे गेलेल्या जेम्स स्किनरचे रिसाले, १८१७ साली पुण्यात उभे राहिलेले पूना हॉर्स, असे बरेचसे देशी घोडदळ 'शिलेदारी' पद्धतीवर चालत असे. स्वार आपल्या जागेसाठी पैसे भरायचा, त्या जागेला 'असामी' म्हणत, आणि घोडा-सामान त्यातून व्हायचे. ज्याच्याकडे पैसे नसत तो दुसऱ्याच्या असामीवर बसायचा, आणि त्याला तिथेही बारगीरच म्हणत. पहिल्या महायुद्धात परदेशी आघाड्यांवर घोडे मरू लागले, तेव्हा स्वाराने आपला घोडा आपण भरून काढावा हे अशक्य झाले. १९२१ च्या फेररचनेपर्यंत ही पद्धत संपली आणि सगळे घोडे सरकारी झाले. म्हणजे कुणी शब्द वापरला नाही तरी सगळे स्वार बारगीर झाले.

आता तुमच्या कागदाकडे वळू. मोडीत घोड्यांची मोजणी 'रास' या शब्दाने करतात आणि माणसांची 'असामी'ने. नावापुढे 'घोडी रास' आणि आकडा असेल, किंवा 'नालबंदी' म्हणून रक्कम लिहिली असेल, तर तो शिलेदार धरावा. नालबंदी म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन येणाऱ्याला तयारीसाठी आगाऊ दिलेली रक्कम. नुसती असामी आणि रोजमुरा (पगार) असेल, तर बारगीर. मग 'दि॥' किंवा 'नि॥' अशी खूण शोधा. पहिली दिमतची, दुसरी निसबतची. त्यापुढे ज्याचे नाव, त्याच्या पागेतला माणूस. तिथे 'हुजूर' लिहिलेले निघाले, तर तुमचे पूर्वज थेट छत्रपतींच्या किंवा पेशव्यांच्या पागेत होते. घरात सांगितली जाणारी शिलेदारीची गोष्टही खोटी असेलच असे नाही. बाप बारगीर आणि मुलाने घोडी घेऊन शिलेदारी केली, किंवा शिलेदाराची घोडी मोहिमेत गेली आणि तो पागेत लागला, असे दोन्ही घडत असे. त्यासाठी एका कागदावर भिस्त न ठेवता त्याच नावाचे दहा-वीस वर्षे पुढचे-मागचे कागद पाहावे लागतील. पेशवे दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. जाताना पूर्वजाचे नाव, गाव, कागदाची तारीख आणि ती 'दि॥' पुढची ओळ जशीच्या तशी उतरवून न्या. आडनावावरून शोधण्यात वेळ घालवू नका, कारण त्या काळच्या हजिऱ्यांत आडनाव बहुतेकदा लिहिलेलेच नसते.